वस्तादाचं बोट

जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत वस्तादाच्या बोटाचा शब्द शेवटचा असे. गाडी चालू व्हायला रडत असली की तो प्लगची वायर काढायचा, तिचं उघडं टोक उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला टेकवायचा, डावा हात इंजिनावर ठेवायचा आणि मालकाला म्हणायचा, मारा किक. किक बसली की वीज बोटातून शिरून कोपरापर्यंत जायची. दुसऱ्या कोणाला आई आठवली असती. वस्ताद नुसते डोळे मिटायचा आणि निकाल सांगायचा. डास चावला म्हणजे करंट मेला. गांधीलमाशी म्हणजे कामापुरता आहे. विंचू म्हणजे गाडी खुशाल दूरगावी न्या. गावातले इतर मेकॅनिकही अडले की त्याच्याकडे यायचे आणि एकदा बोट लावून बघ म्हणायचे. एका विक्रेत्याने त्याला करंट तपासायचा टेस्टर फुकट दिला होता. काचेच्या नळीत ठिणगी उडते आणि ती डोळ्यांनी बघायची, इतकंच ते यंत्र. वस्तादाने ते खिळ्याला अडकवलं आणि त्यावर दुकानाच्या किल्ल्या टांगल्या.

अलीकडे तशा जुन्या गाड्या कमीच यायच्या. नव्या गाड्यांना बोट लावायचा प्रश्नच नव्हता, त्यांचं सगळं डबाबंद. त्यामुळे निवृत्त शाळामास्तर आपल्या थोरल्या भावाची जुनी मोटारसायकल ढकलत घेऊन आले तेव्हा वस्तादाला जुना सोबती भेटल्यासारखं झालं. भाऊ गेल्यावर गाडी वर्षभर झाकून होती. आता चालू व्हायला फार छळत होती. मास्तर सकाळी किक मारायला लागायचे, घाम फुटायचा, शेजारी खिडकीत यायचे, आणि मग कधीतरी ती खोकत खोकत जागी व्हायची. मास्तरांचा गुडघा सुजला होता.

"ही चालू होईपर्यंत मी बंद पडेन," ते म्हणाले.

वस्तादाने प्लग साफ केला, पॉइंट घासून त्यांतलं अंतर मापाचं पातं घालून बसवलं, कंडेन्सर नवा टाकला. मग बोट लावलं. मास्तरांनी दुखऱ्या पायाने किक मारली. वस्तादाने डोळे मिटले.

"डास," तो म्हणाला. "कॉइल गेली."

या गाडीला मॅग्नेटो होता. इंजिन फिरलं की आपली वीज आपणच तयार करायची अशी ती जुनी करामत, आणि तिच्या पोटात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. ती नव्याने गुंडाळून देणारा गावात एकच माणूस उरला होता. त्याला सगळे विणकर म्हणत. वस्ताद आणि तो एकाच दुकानात उमेदवारी करून, एकाच मालकाच्या शिव्या खाऊन शिकलेले. वस्तादाने इंजिनं धरली, विणकराने तार. विणकराची गुंडाळी कधी परत आली नव्हती.

कॉइल गुंडाळून आली. वस्तादाने बसवली, बोट लावलं. डास. त्याने ती परत पाठवली आणि निरोप दिला की जरा मन लावून गुंडाळ. दुसऱ्यांदा आली, तरीही डासच. या खेपेला वस्तादाने निरोप दिला नाही, नुसती कॉइल पाठवली. निरोपापेक्षा ते जास्त लागलं असणार. विणकराने एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, दुसऱ्याचं पुढे ढकलत होता, हे वस्तादाला ठाऊक होतं. संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं की विणकर आता संपला, बिचाऱ्याला तार दिसत नाही.

बायको त्याच्या हाताकडे बघत होती. बोटाच्या पेरावर टपोरा फोड आला होता.

"हे कुठे भाजून घेतलंत?"

वस्तादाने हात उलटासुलटा करून पाहिला. सायलेन्सरला लागलं असेल म्हणाला. कधी लागलं ते त्याला आठवेना. बायको म्हणाली, एवढा फोड येईपर्यंत माणसाला कळत कसं नाही? मागच्या आठवड्यात एक चप्पल रस्त्यातच गळून पडली आणि हा तसाच एका चपलेने घरी आला होता. तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता हसली नाही. डॉक्टरला दाखवून या, एवढंच म्हणाली. वस्ताद म्हणाला, कामाच्या हातांना कातडी जाड असते, आणि पुढच्या घासाला लागला.

तिसऱ्या खेपेला विणकर कॉइल घेऊन स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोणाच्या तरी शेवटच्या दर्शनाला आल्यासारखा तो दुकानाच्या पायरीवर थांबला. मास्तर आधीच येऊन गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. विणकराने फडक्यात गुंडाळलेली कॉइल वस्तादाच्या हातात दिली आणि सांगितलं की या वेळी दिवसाच्या उजेडात, भिंग लावून, एकेक वेढा हाताखालून घातला आहे.

वस्तादाने ती बसवली. वायर बोटाला लावली, हात इंजिनावर ठेवला. मास्तरांनी किक मारली. विणकर वस्तादाच्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेचा निकाल लागताना मूल बघतं तसा.

वस्तादाने डोळे उघडायला उशीर केला. मग नकारार्थी मान हलवली.

विणकराने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. म्हणाला, ठीक आहे, आता गुंडाळीचं मशीन झाकून टाकतो. मुलगा कधीपासून म्हणतोय की बाबा, पुरे करा. डोळ्यांनी दगा दिला, त्याला कोण काय करणार. उगाच लोकांच्या गाड्या कशाला अडवायच्या. हे सगळं तो इतक्या शांतपणे म्हणाला की मास्तरांनी मान खाली घातली. वस्तादाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण हाताला ग्रीस होतं.

जायला वळलेला विणकर परत फिरला.

"एकदा मला लावू दे रे. माझंच काम आहे, कसं मेलंय ते बघून जातो."

त्याने वायर धरली, दुसरा हात इंजिनावर टेकला. मास्तरांनी किक मारली.

विणकर असा उडाला की त्याची पाठ पान्यांच्या फळीवर आदळली आणि चार-पाच पाने खणखणत फरशीवर पडले. चष्मा एका कानाला लोंबत राहिला. तो हात काखेत दाबून उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो आधी गाडीकडे बघत राहिला. मग वस्तादाच्या हाताकडे, त्या फोडाकडे. मग त्याने घाईने चष्मा लावला.

"पाय सरकला," तो मास्तरांना म्हणाला. "फरशीवर तेल आहे. वस्ताद म्हणतो ते खरंय, डासच आहे. माझीच गुंडाळी कच्ची."

फरशीवर तेल नव्हतं. वस्ताद रोज स्वतः भुसा टाकून ती झाडायचा.

मास्तर बरं म्हणाले आणि आता दुसऱ्या गावाहून कॉइल मागवावी लागेल का, असं विचारू लागले. विणकर खाली वाकून पाने गोळा करत होता. वर बघत नव्हता. वस्तादाला कळलं की याने स्वतःचा धंदा गाडून आपलं बोट वाचवलं आहे. आता वस्तादाने फक्त हो म्हणायचं होतं. विणकर घरी जाईल, मशीनवर चादर घालील, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत वस्तादाच्या बोटाचा शब्द पूर्वीसारखाच शेवटचा राहील.

त्याने अंगठ्याच्या नखाने तो फोड दाबला. आणखी दाबला. फोड फुटून पाणी आलं. त्याला काहीच जाणवलं नाही.

तो उठला, खिळ्यावरच्या किल्ल्या काढून खिशात टाकल्या आणि टेस्टर खाली घेतला. काचेवर धूळ बसली होती, ती बनियनला पुसली. वायर त्याला जोडली, दुसरा चिमटा इंजिनाला लावला आणि मास्तरांना परत किक मारायला सांगितली. मास्तर गुडघा चोळत उभे राहिले. किक बसली. काचेत निळी, जाड ठिणगी तडकन उडाली. आवाज तिघांनी ऐकला.

"अजून एकदा," वस्ताद म्हणाला. परत तसंच झालं.

विणकर पाने हातात धरून उभा होता. हळूच म्हणाला, "राहू दे ना, वस्ताद."

"मास्तर," वस्ताद म्हणाला, "याची कॉइल पहिल्या दिवसापासून चांगली आहे. तुमच्या भावाची आधीचीही चांगली असणार. माझं बोट मेलंय."

मास्तर चष्म्यातून त्या बोटाकडे बघत राहिले, जणू बोट काही सांगेल. मग परत स्टुलावर बसले आणि म्हणाले, घाई नाही, मी थांबतो.

करंट चांगला असेल तर गाडी का छळते, हे वस्तादाने इतके दिवस पाहिलंच नव्हतं. बोटाने सांगितलं आणि तो पुढे बघायचा थांबला. आता त्याने नवखा उमेदवार जसा करील तसं सुरुवातीपासून सुरू केलं. पेट्रोल खाली येतं का पाहिलं, येत होतं. कार्बोरेटर साफ होता. शेवटी कशीबशी गाडी चालू झाली आणि धापा टाकत राहिली. वस्तादाने कान जवळ नेला. मग तेलाची बुधली घेऊन कार्बोरेटर इंजिनाला मिळतो त्या सांध्यावर थोडं तेल सोडलं. क्षणभर धाप थांबली, इंजिन एका लयीत बोललं, तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा धाप लागली.

"ऐकलंस?"

"हवा ओढतेय," विणकर म्हणाला.

सांध्यातलं पॅकिंग वर्षभर पडून कडक झालं होतं. सोडवताना त्याचा तुकडाच पडला. नवं तिथेच हाताने करायचं ठरलं. जाड कागद सांध्याच्या तोंडावर धरून हातोडीने कडेकडेने हलकं ठोकलं की तो धारेवर आपोआप कापला जातो, पण कागद जराही हलून चालत नाही. वस्तादाच्या बोटांतून तो सरकू लागला. सरकतोय हे त्याला कळलं ते डोळ्यांनी. त्याने काही न बोलता कागद विणकराकडे दिला. विणकराने तो डोळ्यांजवळ नेला, सांध्यावर टेकवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला. वस्तादाने ठोकलं.

"माझे अंगठे आहेत तिथे. बघून मार."

"तुझे अंगठे दिसतात मला."

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. मास्तर काही वेळ तिच्या शेजारी नुसते उभे राहिले, टाकीवर हात ठेवून. मग हळूहळू चालवत गेले. वळणापलीकडे आवाज विरेपर्यंत दोघं दारात होते.

विणकर निघताना म्हणाला की पंपाच्या मोटारीची एक गुंडाळी घरी अर्धी पडली आहे, ती उजेड आहे तोवर उरकतो. आणि उद्या सकाळी तयार राहा, मी येतो, मला दवाखान्यात डोळा दाखवायचाच आहे, तू हात दाखव. वस्ताद म्हणाला की बघू. विणकर पायरीवरच थांबून राहिला. शेवटी वस्ताद म्हणाला, बरं, ये.

घरी बायको भाजी चिरत होती. वस्ताद तिच्यासमोर पाटावर बसला आणि हात पुढे केला. तिने विळी बाजूला सारली, ओला हात पदराला पुसला. फुटलेला फोड पाहिला, पण त्याबद्दल बोलली नाही. तिने त्याचं पहिलं बोट टोकाशी चिमटीत धरून दाबलं.

"इथे कळतंय?"

"नाही."

ती पेरापर्यंत आली. "इथे?"

"नाही."

तळहाताशी तिने जरा जोर लावला. तो बघत होता, म्हणून तिने त्याला डोळे मिटायला सांगितले. त्याने मिटले. निकाल देताना मिटायचा तसेच.

"इथे?"

तिची चिमटी मनगटाशी आली.

"हां," तो म्हणाला. "इथे आहेस."