टिंकरच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी चामड्याचा एक पट्टा आहे. आता माझ्या कडा झिजल्या आहेत, पण एके काळी माझ्यावर नखाचाही ओरखडा नव्हता. घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या तुकड्यातून मला कापले, पितळी बक्कल लावले आणि मी टिंकरच्या गळ्यात पडलो तो पडलोच.

टिंकर म्हणजे पाच किलोचा तांबूस कुत्रा. त्याची मालकीण नोरीन पास्को. नोरीनबाईंनी सव्वीस वर्षे शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या आणि टिंकर खाडीकाठच्या घरात राहू लागले. टिंकर भुंकला की त्याचा गळा हादरे आणि त्याबरोबर मीही हादरे. त्याचा आवाज माझ्याइतका जवळून कुणीच ऐकला नसेल.

त्या ऑक्टोबरात पाऊस झाल्यावर झालरीसारख्या पानांचे नेचे माजले होते. टिंकर त्यांत नाक खुपसून फिरे. एके दिवशी माझ्याखाली तिळाएवढे काहीतरी शिरले आणि त्याच्या कातडीला चिकटले. मला ते कळत होते, पण मला ना हात ना तोंड. उलट ते माझ्याच आडोशाला लपले होते. नोरीनबाई रोज त्याला कुरवाळत, पण त्यांची बोटे माझ्यावरून निघून जात. ते मात्र फुगत चालले होते.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजले. टिंकर भुंकायला धावला आणि त्याच्या गळ्यातून घोगरी, फाटकी हाक निघाली. शेजारचे केळीवाले क्लेम हॅलोरन आत येत हसले.

"काय रे टिंकर, सिगारेट ओढायला लागलास की काय?"

नोरीनबाई हसल्या नाहीत. टिंकर पायरी चढायला गेला, तर त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो कुशीवर पडला. मग पांढरा फेस ओकला.

"मासळीची घाण खाल्ली असेल गं," क्लेम म्हणाले. बशीत दूध ओतून त्यांनी पुढे सरकवले. "हे पाज. संध्याकाळपर्यंत टुणटुणीत होतोय की नाही बघ."

"थांब, क्लेम! पोट बिघडलं तर आवाज कशाला बसेल? आणि पाय?" नोरीनबाईंनी बशी उचलली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

पलीकडच्या बाईने दोनच प्रश्न विचारले. मग ती म्हणाली, "गोचीड असणार, लकवा आणणारी. दूध नको, पाण्याचा थेंबही नको, त्याला गिळता येणार नाही. गोचीड सापडली, काढली, तरी विष चढतच राहतं. आत्ताच्या आत्ता निघा."

क्लेमनी गाडी काढली. दवाखाना चाळीस मिनिटांवर होता. मांडीवरच्या टिंकरच्या केसांतून नोरीनबाई बोटे फिरवू लागल्या. कान पाहिले, ओठ पाहिले, पायांच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. काही सापडेना. त्याचा श्वास आता माझ्यावर अडखळत आदळत होता. बाई, माझ्याखाली बघा, माझ्याखाली! मी आतल्या आत ओरडत होतो.

शेवटी श्वासाला मोकळीक मिळावी म्हणून त्यांनी माझे बक्कल सोडले. आणि तिथे ती होती, वाटाण्याएवढी, करड्या रंगाची. नोरीनबाईंनी नखांनी ती कातडीलगत धरून उपटली.

"सुटलो बुवा!" क्लेमनी गाडीचा वेग कमी केला. "निघाली ना? चल, फिरवू या गाडी."

"फिरवशील तर याद राख! फोनवर सांगितलंय तिनं, काढल्यावरही विष चढतच राहतं. दाब पाय!"

पुढे रस्त्याचे काम चालू होते. थांबा लिहिलेली पाटी घेऊन एक बाई उभी होती. क्लेमनी काच खाली करून ओरडून सांगितले, "पोरी, आमच्या टिंकरचा श्वास बंद पडतोय गं!" तिने आत डोकावले. टिंकरच्या हिरड्या निळसर पडल्या होत्या. तिने कमरेच्या बिनतारी यंत्रावर काहीतरी सांगून समोरची वाहने थोपवली आणि आम्हाला सोडले.

दवाखान्याच्या दारातच डॉक्टर लूकिच यांनी टिंकरला उचलून नेले. त्याला प्राणवायू लावला आणि विषावरचा उतारा शिरेतून देऊ लागल्या. मी मात्र बाहेर नोरीनबाईंच्या मुठीत राहिलो. तासाभराने डॉक्टर आल्या.

"अजून धोका टळलेला नाही. पण वेळेवर आलात. काही पाजलं तर नाही ना? ते छातीत गेलं असतं."

क्लेम भिंतीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "नोरीन, मी मूर्ख आहे."

"आहेसच. पण गाडी बरी चालवतोस."

तीन दिवस टिंकर तिथेच राहिला. चौथ्या दिवशी लटपटत, पण आपल्या चार पायांवर चालत तो बाहेर आला. नोरीनबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि इतक्या दिवसांचे रडून घेतले.

मित्रांनो, माझी जागा आता खुंटीवर आहे. फिरायला निघाले की मला घालतात, घरी आले की काढतात. क्लेम रोज संध्याकाळी चष्मा लावून आपल्या दोन्ही कुत्र्यांचे अंग चाचपतात. एवढे एकच मागतो. मुक्या जिवाचा आवाज बदलला, पाय डगमगले, तर संध्याकाळची वाट पाहू नका. आणि त्याला कुरवाळताना माझ्यासारख्याचे बक्कल सोडून खालीही बोट फिरवा. आम्हाला माहीत असते हो, पण सांगता येत नाही.