उकिडवा बसलेला लाकडी माणूस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी माणूस आहे. वीतभर उंचीचा, सागवानी. माझ्याकडे वेळ फार थोडा आहे, म्हणून भरभर सांगतो.

वालचंदनगरच्या बापूसाहेब सुतारांनी त्र्याण्णव साली, कारखान्यातल्या कामावरून परतल्यावर क्वार्टरच्या पायरीवर बसून मला घडवलं. मान, कोपर, गुडघा, सगळं वळणारं! पळसदेवच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दत्तोबा गुरुजींना त्यांनी मला दिलं. तिथली मुलं माणूस काढायची तो खांबासारखा, गुडघ्याविना. गुरुजी मला वाकवून विचारायचे, "डोक्यावर वजन आलं, की कंबर कुठं जाती रं?" तीन वर्षांत मुलांच्या चित्रांतली माणसं चालायला लागली. माझं केवढं कौतुक व्हायचं!

परवा गुरुजींनी मला त्यांच्या विद्यार्थिनीबरोबर, सुकन्याबरोबर, तिच्या घरी पाठवलं. उद्या तिची चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा आहे. तिला उकिडवा बसलेला माणूस काही केल्या जमत नाही. वडिलांनी बजावलंय, "औंदा पास झालीस तर ठीक, न्हाय तर रंगाची पेटी चुलीत!"

मला उकिडवं बसवलं की मी उताणा पडायचो. म्हणून पोरीनं काळ्या दोऱ्यानं माझे हातपाय बांधले, सांधे कळावेत म्हणून तांबडे ठिपके दिले, आणि मला दाराआड ठेवून ती हापशावर गेली. नेमकी काल अमावस्या! झाडताना तिच्या आजीनं, द्वारकाबाईनं, मला पाहिलं.

"आगं बया! करणी हाय ही! माज्या नातीच्या मुळावर कोण उठलं गं!"

मला सुपात घातलं, वर लिंबू कापलं आणि थेट उजनी धरणाच्या पाण्यात भिरकावलं. सुकन्या हंडा टाकून धावत आली. "आज्जे, त्यो गुरुजींचा हाय! मीच बांदलंय त्येला!"

"बघा, पोरगी बी झपाटली!" म्हणत आजीनं तिला ओढत नेलं. अरे देवा, मला ओरडता आलं असतं तर!

रात्रभर वाहून मी काठच्या चिखलात रुतलोय. आता दिवस कलला. येणारे-जाणारे काळा दोरा बघून थुंकतात आणि लांबून जातात. एकही जण थांबत नाही.

मित्रांनो, पाया पडतो, तुम्ही तरी घाबरू नका. एखादी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या कामाची आहे, एवढं विचारत जा. मला उचला, सकाळच्या आत सुकन्याकडे न्या. पाण्यानं माझे सांधे फुगून घट्ट झालेत. तिला सांगा, मी उकिडवाच बसलोय, आता पडत नाही.