चारही चाकांत बळ

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. रंग उडालेला, एका बाजूला दाराजवळ पोचा आलेला आणि आवाज थोडा घोगरा. पण मला रस्त्यावरच्या इतर व्हॅनच्या रांगेत बसवू नका. मी चारही चाकांनी चढणारी आहे, आणि हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटाखाली पुढून मागेपर्यंत एक लांब लोखंडी दांडा बसवला गेला. त्याला शाफ्ट म्हणतात. बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते आणि उरलेली दोन नुसती मागून फरफटत येतात. माझा शाफ्ट ती ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवतो. त्यामुळे दोन चाके घसरली तरी दुसरी दोन मला सावरतात. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर असा तुकतुकीत हिरवा रंग होता, की जाणारे-येणारे माझ्या दारात बघून भांग पाडत.

सुरुवातीची वर्षे मी जमीन मोजणाऱ्या एका कचेरीत काढली. त्या लोकांनी मला चिखलातून, दगडधोंड्यांतून पिटाळले, पण कधी पुसले नाही. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मला विकून टाकले. तिथून मी काकूंकडे आले, आणि खऱ्या अर्थाने माझे आयुष्य सुरू झाले.

काकूंचा व्यवसाय प्रवासी नेण्याचा होता. त्यांचे यजमान शिंपी. त्यांना सगळे टेलरकाका म्हणत. गावाच्या डोक्यावर, एका उभ्या चढाच्या टोकाला वरची वस्ती होती. तिथल्या दोघांची मूत्रपिंडे काम करेनाशी झाली होती. अशा माणसांचे रक्त दर दोन-तीन दिवसांनी इस्पितळातल्या यंत्राने धुऊन घ्यावे लागते, आणि ती पाळी चुकवून चालत नाही. त्यांना खाली इस्पितळात नेणे आणि परत घरी सोडणे हे माझे काम. त्यातले एक होते घड्याळजी, जे माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलवत. दुसऱ्या होत्या भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या नेहमी पुढच्या सीटवर बसत आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक ओढ्याचे पाणी कुठे जाते ते काकूंना सांगत. काकूंना ते आता पाठ झाले होते, पण त्या दर वेळी "हो का?" म्हणत.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी इंधन जास्त पिते. चार चाकांना फिरवायचे, अंगावर जास्तीचे लोखंड वागवायचे, तर भूकही त्याच मापाची असणार. शिवाय साध्या गाडीला जिथे तेल लागत नाही, तिथेही मला लागते. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोल डब्यात वेगळे तेल, शाफ्टच्या सांध्यांना वेगळे ग्रीस. पेट्रोलपंपावर आलो की टेलरकाकांच्या कपाळावर आठ्या पडत.

"अगं, ही गाडी आहे की टाकीला पडलेलं भोक?" ते काकूंना विचारत.

"अहो, ती चढ चढते," काकू म्हणत.

"रोज कुठे हिमालय चढायचाय आपल्याला?"

एकदा रस्त्यात पडलेल्या फळीचा खिळा माझ्या मागच्या टायरमध्ये असा घुसला, की टायर कामातून गेला. माझी दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. वस्ताद म्हणाले, "या गाडीला चारही टायर सारखे लागतात. चारही बदला, नाहीतर बाकीच्या तिन्हींइतकाच झिजलेला एखादा शोधा."

टेलरकाका हसले. "शर्टाचं एक बटण तुटलं तर मी काय सगळी बटणं बदलतो? एकच नवा टाका."

झाले. एक नवा आणि तीन झिजलेले अशा टायरांवर मी धावू लागले. तेव्हापासून माझे अंग दुखू लागले. मागचे चाक एक चाल चाले, बाकीची दुसरी, आणि ती सगळी ओढाताण माझ्या पोटातल्या यंत्रांना सोसावी लागे. मी घुमू लागले. मागचा डबा तापू लागला. इंधन आणखी लागू लागले. हळूहळू टेलरकाकांचा संयम संपला.

"वस्ताद, तो शाफ्टच काढून टाका," ते एक दिवस म्हणाले. "दोन चाकांवर चालेल, कमी पिईल. नाहीतर विकूनच टाकतो."

"काढून देतो," वस्ताद म्हणाले. "पण चढ कोरडा असेल तोवरच धकेल."

मला विकण्यापेक्षा हे बरे, असे काकूंना वाटले असावे. त्यांनी मान हलवली. शाफ्ट निघाला. टेलरकाकांनी तो अस्तराच्या जुन्या कापडात गुंडाळून दुकानात कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवला.

मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटले ते तुम्हाला कसे सांगू? माझे बाकी सगळे भाग जागच्या जागी होते, पण मागचे पाय कुणी बांधून ठेवावेत तसे झाले होते. इंधन मात्र थोडे वाचू लागले. टेलरकाका खुशीत आले. पंपावर ते शीळ घालू लागले. मी मुकाट्याने चालत राहिले.

मग एका सकाळी चढावरच्या रस्त्याखालचा पाण्याचा मोठा पाइप फुटला. वरचा रस्ता उखडून गेला आणि खालची पिवळी चिकणमाती वर आली. आम्ही नेहमीप्रमाणे बाई आणि घड्याळजींना आणायला निघालो होतो. काकूंनी पहिला गिअर टाकला. मी चढाच्या मध्यापर्यंत गेले आणि माझी पुढची चाके गरगर फिरू लागली. चिखल उडून काचेवर आला. काकूंनी मला मागे घेतले, पुन्हा पुढे काढले. पुन्हा तेच. वस्तीतले लोक धावत आले, त्यांनी ढकलून पाहिले. माझ्या इंजिनात ताकद होती, पण ती मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा दांडा टेबलाखाली कापडात पडून होता. मग रुग्णवाहिका बोलावली. तीही माझ्या मागेच अडकली.

घड्याळजी दोन शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून, कडेकडेने कसेबसे खाली आले. बाईंचे पाय मात्र सुजले होते. त्यांना चार पावले चालले तरी धाप लागत होती. लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलले, तेवढ्यात पुढच्या दोघांचे पाय सटकले.

"मला खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "तुमचे पाय मोडले तर तुम्हाला कोण उचलणार?"

काकूंनी इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "आजची पाळी गेली. त्यांना पाणी अगदी घोटभर द्या आणि श्वास वाढला तर लगेच कळवा. पण उद्या त्यांना आणाच. उद्याही नाही आणलं तर मी काही सांगू शकत नाही."

रुग्णवाहिका आणि मी उलट्या पावली चढ उतरलो. घड्याळजींना इस्पितळात सोडून काकू थेट टेलरकाकांच्या दुकानासमोर थांबल्या. मला वाटले, आता कडाक्याचे भांडण होणार. पण काकू सरळ आत शिरल्या. त्या वाकल्या, त्यांनी टेबलाखालून शाफ्टचे एक टोक ओढले आणि म्हणाल्या, "अहो, त्या बाजूनं धरा."

टेलरकाकांनी त्यांच्या अंगावरचा चिखल पाहिला. हातातली कात्री खाली ठेवली आणि दुसरे टोक उचलले.

वस्तादांच्या गॅरेजमध्ये मला जॅकवर उचलले. "शाफ्ट जोडतो," वस्ताद म्हणाले, "पण टायर असेच राहिले तर उद्या चढाल आणि परवा मागचा डबा फोडाल."

"दिसायला तर चारही सारखेच दिसतात," टेलरकाका पुटपुटले. मग त्यांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला. त्यांनी तो टेप माझ्या एका टायरभोवती गुंडाळला, जसा ते गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती गुंडाळत. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नव्या टायरपाशी येताच ते थबकले. त्यांनी पुन्हा माप घेतले.

"अगं, ऐकलंस का?" ते काकूंना म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "हिचा एक पाय लांब शिवलाय! अशी पँट मी गिऱ्हाइकाला दिली असती तर त्यानं माझ्या तोंडावर फेकली असती. आणि ही बिचारी इतके दिवस तशीच चालतेय."

"आणि तुम्ही म्हणत होतात, फार पिते," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच हसल्या.

गॅरेजच्या मागे जुन्या टायरांचा ढीग होता. टेलरकाका बाह्या सरसावून त्यात शिरले. एकेक टायर उभा करायचा, माप घ्यायचे, नाक मुरडायचे आणि बाजूला टाकायचा. शेवटी ढिगातून त्यांची आरोळी आली, "सापडला! अगदी फिट्ट!" तोवर वस्तादांना आणखीही काही सापडले होते. माझा एक ब्रेक चिकटून राहत होता. हवेचा फिल्टर धुळीने गच्च भरला होता. टपावरचे जड लोखंडी कॅरिअर तर मोजणीवाल्यांच्या काळापासून विनाकारण माझ्या डोक्यावर होते. मी जास्त इंधन पीत होते त्याचे निम्मे कारण माझी बनावट, आणि निम्मे ही हेळसांड! अंधार पडायच्या आत माझ्या अंगात शाफ्ट फिरू लागला. किती दिवसांनी माझ्या मागच्या पायांत जीव आला!

दुसऱ्या दिवशी टेलरकाका दुकान न उघडता काकूंच्या शेजारी येऊन बसले. चढ कालच्यापेक्षा जास्त निसरडा झाला होता. वरच्या वळणावर लोक जमले होते.

"जोरात ने," टेलरकाका म्हणाले.

"जोरात नाही, सावकाश. आणि तुम्ही जरा गप्प बसा."

काकूंनी मला एका लयीत वर काढले. ना घाई, ना थांबणे. अडकलो होतो त्याच जागी माझी पुढची चाके पुन्हा घसरली. टेलरकाकांनी डोळे मिटून वरची कडी घट्ट धरली. पण या वेळी माझ्या मागच्या चाकांनी चिखलाखालची घट्ट जमीन पकडली आणि मला वर रेटले. मग पुढची चाके टेकली. माझे चारही पाय एकमेकांना हात देत होते. मी तिरकी झाले, सरळ झाले, कुरकुरले, पण थांबले नाही. वळणावरचे लोक ओरडू लागले आणि मी बाईंच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. तो क्षण आठवला की मला माझा गेलेला हिरवा रंग परत अंगावर आल्यासारखा वाटतो.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा सुजला होता, बोलताना दम लागत होता. तरी त्या म्हणाल्या, "टेलरकाका, तुम्ही? आज दुकान बंद?"

"बाई, चढाचं माप घ्यायला आलोय," टेलरकाका म्हणाले आणि त्यांनी बाईंना आधार देऊन पुढच्या सीटवर बसवले.

उतरतानाही माझी चारही चाके जमीन धरून होती. बाई वेळेत यंत्रापर्यंत पोचल्या. संध्याकाळी परत येताना त्यांची सूज उतरू लागली होती आणि त्या काकूंना सांगत होत्या, की फुटलेल्या पाइपाचे पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला मिळणार. काकू म्हणाल्या, "हो का?" आणि या वेळी त्यांनी पुढच्या ओढ्याचेही विचारले.

त्यानंतर मी फार अभिमानाने जगले. माझी भूक साध्या गाडीएवढी कधीच झाली नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली. टेलरकाका स्वतः हवा तपासू लागले. पंपावर एखाद्या चकचकीत गाडीवाल्याने मला हिणवले, तर ते ताठ मानेने सांगत, "पिते थोडी जास्त. पण हिला 'नाही' म्हणता येत नाही."

पुढे वरच्या वस्तीचा रस्ता पक्का झाला. आता तिथे छोटी गाडीही सहज जाते. काकूंनी तशीच एक हलकी, कमी इंधन पिणारी गाडी घेतली, आणि ते योग्यच केले. गरज नसताना मला पोसणे हा शहाणपणा नव्हे. मला त्यांनी डोंगरापलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सताईंना दिले. तिकडच्या पाड्यांना अजून रस्ताच नाही. किल्ली देताना काकूंनी त्यांना माझा एकेक भाग दाखवला आणि टेलरकाकांनी गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात ठेवला. "टायर बदलायच्या आधी माप घ्या," ते म्हणाले, आणि घाईने दुकानाकडे वळले.

मित्रांनो, एखादी वस्तू घेताना ती किती खाते एवढेच विचारू नका. ती तुम्हाला कुठे नेणार आहे आणि तिथे तुम्हाला खरेच जायचे आहे का, हेही विचारा. आणि एकदा घरी आणलीत, की तिच्या कुरकुरीकडे काणाडोळा करू नका. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही घुमतो, तापतो, जास्त इंधन पितो. ती आमची मस्ती नसते, ती आमची हाक असते.

नर्सताई आज लसींचा डबा घेऊन निघाल्या आहेत. पुढे ओढा आहे, आणि पलीकडे दगडगोट्यांचा चढ. त्यांनी विचारले, "जाशील ना गं?"

मी चारही चाकांनी निघाले.