डोळा नसलेला मासा

मी साचा बोलतोय. पण आधी स्वयंपाकघरात कुणी नाही ना, तेवढं पाहून घ्या. मिह्वा मागच्या अंगणात लोणच्याच्या रांजणांपाशी गेलीय खरी, पण तिची पावलं वाजत नाहीत.

मी नासपतीच्या लाकडाच्या दोन फळ्यांचा. खालच्या फळीवर पाच गोल खुंट, चारांवर फुलं कोरलेली, पाचव्यावर मासा. वरच्या फळीला पाच भोकं. मध्ये दोन ठोकळे सरकवून वरची फळी उचलून धरायची, भोकांत मधात मळलेली तिळाची पूड अंगठ्यानं ठासायची, मग ठोकळे काढून फळी खाली दाबायची. नक्षीसकट वड्या वर येतात. त्यांना दाशिक म्हणतात. चुसोकच्या, म्हणजे आमच्या कोरियातल्या सुगीच्या पुनवेच्या सणाच्या, सकाळी पूर्वजांच्या पाटावर त्यांची उतरंड रचतात. आमच्या गावात वडीवरची नक्षी पाहून घर ओळखतात, म्हणून साचा कुणी कुणाला उसना देत नाही.

मला या घरात आणलं, त्याच वर्षी फिलरे सून म्हणून आली. पहिल्या चुसोकला माशाच्या खाचेत तीळ अडकले. तिनं ते सुरीच्या टोकानं उकरले आणि माशाचा डोळा, मोहरीएवढा उंचवटा, टचकन उडाला. सासूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कारागिरानंच ठेवला नाही. घरातल्यांच्या चुका माशाला दिसू नयेत म्हणून."

सासूला ते इतकं आवडलं की तिनं गावभर सांगितलं. कारागीर त्याच हिवाळ्यात वारला. पुढं दरवर्षी तीच गोष्ट ऐकता ऐकता मलाच शंका येऊ लागली. मला डोळा होता, की आपल्यावर अन्याय झाला असं वाटावं म्हणून मीच तो कल्पून घेतला? लाकडाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

फिलरे म्हातारी झाली, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझा कारभार तिच्या सुनेकडं, मिह्वाकडं आला. ती बंदरावरची पोरगी. मला पाहताच म्हणाली, "बाई गं, किती कळकट!" तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सणाला चार दिवस होते. तिनं मला गरम पाण्यात बुडवून खसाखसा घासलं. मला कोरड्या फडक्यानं पुसायचं असतं, पाणी लावायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी फुगलो. वरची फळी अशी आवळून बसली की हलेना. मिह्वा घामाघूम झाली.

शेजारची गाप्सूची आई कुंपणावरून डोकावली. "काय गं, साच्याशी कुस्ती खेळतेस?"

"हळू बोला ना! आईंना ऐकू जाईल."

"मग माझा प्लॅस्टिकचा घे. सोलहून आणलाय, त्यातही मासा आहे. म्हातारीला दिसतंय कुठं?"

"आणि याचं काय करू?"

"तांदळाच्या रांजणात पुरून टाक."

पुरून टाक! मी ऐकलं ते असं. वर तांदूळ पडत गेले, झाकण लागलं, काळोख झाला. चार दिवस मी एकच हिशेब करत होतो: सण उरकला की ही मला चुलीत घालणार. झाकण दोनदा उघडलं, तिचा हात माझ्यावरून फिरला. जळण्याइतका वाळलोय का, हेच ती बघत असणार, अशी माझी खात्री होती.

सणाची सकाळ झाली. उतरंड रचायचं काम फिलरेनं कुणाला दिलं नव्हतं. ताट पुढ्यात घेऊन ती एकेक वडी चाचपत होती. तिसऱ्या वडीवर अंगठा थांबला.

"सूनबाई, या माशाला डोळा आहे."

मिह्वा ताट मागं ओढू लागली. फिलरेनं ते सोडलं नाही.

"हा आपला मासा नाही. कुणाचा उचलून आणलास? आमचे वाडवडील परक्याच्या घरचं ताट समजून उठून जातील!"

मिह्वाला रडू कोसळलं. "मी साचा धुतला आई. तो फुगला. चार दिवस तांदळात सुकत ठेवलाय. रोज म्हणत होते, आज सांगू, आज सांगू... मला माहेरी पाठवू नका."

मग तांदूळ बाजूला सरले. फिलरेनं मला मांडीवर घेतलं, तिळाचं तेल लावलं, ठोकळे सरकवले. फळी कण्हत वर आली. बाहेर पुरुषमाणसं हात धुऊन ताटकळली होती. फिलरेचा मुलगा ओरडला, "आई, काय चाललंय? काका तर भुकेनं आत्ताच पूर्वज व्हायला निघालेत!"

"थांबायला सांग त्यांना!" फिलरे ओरडली. मग आवाज खाली आणला. माशावर अंगठा ठेवून ती पुटपुटली, "रडू नकोस. याला डोळा होता. माझ्या सुरीनं उडाला. त्या वर्षी मीही म्हणत होते, आज सांगू, आज सांगू."

मी खुंटापर्यंत शहारलो. म्हणजे मला डोळा होता!

त्या दोघींनी नव्या वड्या दाबल्या. ताट उशिरा गेलं, पण आमचं गेलं. प्लॅस्टिकच्या साच्यातल्या अर्ध्या वड्या मिह्वानं कुंपणापाशी उभ्यानंच खाल्ल्या, अर्ध्या गाप्सूच्या आईला दिल्या.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. फिलरे आता पाटावरच्या पूर्वजांत असते. माझ्या एका भोकाची कड झिजलीय, ठोकळा नवा आहे. परवा मिह्वाच्या नव्या सुनेनं विचारलं, "आई, या माशाला डोळा का नाही?"

मिह्वानं तेलाचं बोट माझ्यावरून फिरवलं. "कारागिरानंच ठेवला नाही," ती म्हणाली. "घरातल्यांच्या चुका माशाला दिसू नयेत म्हणून."

आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तोंड उघडेन असा तिला संशय होता.

तो खरा ठरला, मी उघडलंच. पण तुम्ही परके, या पाटावर तुमचं ताट नाही, म्हणून तुमच्यापाशी बोललो. एवढंच करा, त्या नव्या मुलीला काही सांगू नका. काल ती हातात सुरी घेऊन माझ्या खाचा बघत होती. तिचं जेव्हा काही मोडेल, तेव्हा मिह्वाच तिला सांगेल.

आता ठेवा मला. मिह्वा आली.