आडवा की उभा

कुलूपवालीच्या दुकानात आठवडाभर एकच वाद चालला होता: दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ आडवा टाकायचा की उभा. आडव्यांचं ठिकाण वेगळं, उभ्यांचं वेगळं, आणि दोन्हीकडे जीव ओतायला वेळ नव्हता. गिऱ्हाईक वाढलं नाही तर महिनाअखेर दुकान ज्यूसवाल्याला द्यायचं, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. ज्यूसवाला मिक्सरची जागा पाहूनही गेला होता. ती जागा म्हणजे तिची खुर्ची.

"वहिनी, उभाच," दीर म्हणाला. "चुटकीसरशी कुलूप उघडून दाखव, लोक वेडे होतील."

"वेडे होऊन काय करतील?"

"लाइक."

"त्याला किल्ली लागते का?"

अंदाजाने कानस चालवणं तिच्या रक्तात नव्हतं; आधी कुलपात डोकावायचं. दाराबाहेर अडकलेला माणूस फोनमध्ये कुठे जातो, ते अडकूनच बघायचं, असं तिने ठरवलं. दुपारी घरी कोणी नसताना दिराला घेऊन ती घराबाहेर आली आणि दार ओढलं. लॅच खट्कन बसलं.

"किल्ली?"

"मुद्दाम आत ठेवलीय."

"आणि हत्यारांची पिशवी?"

कुलूपवालीने खिडकीला नाक लावलं. "ती मुद्दाम नव्हती ठेवायची."

दीर उभ्या व्हिडिओंत शिरला. दाराचं शोधता शोधता तो पोहणाऱ्या मांजरावर गेला, तिथून दातांनी फ्रिज उचलणाऱ्या आजोबांवर, आणि मग आपण बाहेर का उभे आहोत हेच त्याला आठवेना. तिने आडव्यांत लिहिलं: दार लागलं, किल्ली आत. पहिलाच व्हिडिओ आला तो नाक्यापलीकडच्या कुलूपवाल्याचा. पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ चेहरा, खाली नंबर.

"याला नको गं! अब्रू जाईल."

"जाऊ दे. येताना गिऱ्हाईक घेऊन येईल," म्हणत तिने फोन लावला.

तो आला, तिला पाहिलं, खिडकीतून पिशवी पाहिली आणि हसू आवरेना म्हणून पायरीवरच बसला.

"हसून घ्या," ती म्हणाली. "व्हिडिओ बघून किती जण बोलावतात?"

"हल्ली सगळे तसेच," तो बोलून गेला आणि जीभ चावली.

त्याने दार उघडलं. कुलूपवालीने पिशवी खांद्याला अडकवली, किल्ली पुन्हा आत फेकली आणि दिराला म्हणाली, "फोन आडवा धर. कुलूपवाली स्वतःच्याच घराबाहेर अडकते, भाग पहिला."

दार पुन्हा खट्कन लागलं.

"मी दिसलो तर चालेल?" कुलूपवाल्याने केस सारखे केले.

"दिसा," ती म्हणाली, "नंबर माझाच राहील."