लाल ब्लँकेट अजून दोरीवर

वर येणारा प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगतो. "मावशी, आमचं घर दाखवा." अख्खं शहर पायाशी पसरलंय, नदी आहे, नऊ पूल आहेत, बंदरात जहाजं उभी आहेत, पण नाही! सकाळी ज्याला कुलूप लावून आले तेच घर यांना दुर्बिणीतून बघायचं असतं. दाखवलं की ओरडणार, "अगं बाई, गॅलरीत टॉवेल राहिला की!" मी म्हणते, राहू दे, मी आहे ना लक्ष ठेवायला.

वीस वर्षं मी डोंगरावरची ही मोठी दुर्बीण चालवतेय. त्याआधी ती बाबांकडे होती. पत्ता सांगा, मी अर्ध्या मिनिटात खिडकी शोधून देते. फक्त एका बाजूला मी दुर्बीण वळवत नाही. जुन्या गिरणीच्या चिमणीमागे आमची गल्ली होती, तिकडे. कोणी तिथला पत्ता सांगितला तर मी सरळ सांगते की धुरकट आहे, दिसणार नाही. खोटं बोलते, हो.

त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबांच्या काळात आमच्याकडे फोन नव्हता. आईने युक्ती काढली होती. रोज चार वाजता ती गच्चीवरच्या दोरीवर कापड टाकायची. पिवळी चादर म्हणजे घरी सगळं ठीक. लाल ब्लँकेट म्हणजे असाल तसे खाली या. बाबा वरून दुर्बिणीत बघायचे आणि हजामतीच्या आरशाने उन्हाचा कवडसा पाडून उत्तर द्यायचे. एकदा चमकलं की 'कळलं, निघतो'. तीनदा चमकलं की 'वर माणूस पाठव', म्हणजे डबा विसरलाय किंवा दुर्बिणीचं काही बिघडलंय. आणि बाबांचा एक नियम होता, उत्तर आल्याशिवाय कापड काढायचं नाही. पावसात भिजलं तरी चालेल.

तीनदा चमकलं की वर जायचे ते आमचे हे. तेव्हा हे डोंगरावर येणाऱ्या याच रोपवेवर मेकॅनिक होते. सासरा-जावयाचं इतकं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलं नाही. डबा द्यायला गेलेला माणूस तीन डाव पत्ते खेळून यायचा. मी चिडायचे, तर बाबा म्हणायचे, "वर एकट्याला करमत नाही गं."

छपराखाली ऊन येत नाही, म्हणून बाबा आरसा दाखवायला कठडा ओलांडून पलीकडच्या दगडावर उभे राहायचे. एके दिवशी चार वाजता तिथून पाय घसरला. खाली दरीत बाबा सापडले, आरसा सापडला नाही. आई खाली पिवळी चादर टाकून उत्तराची वाट बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने पिवळी काढली आणि लाल टाकलं. आणि नऊ वर्षं ते लालच राहिलं. विरलं की नवं ब्लँकेट आणायची, तेही लालच. वेडी झाली नव्हती बरं का, हिशोबाला, स्वयंपाकाला, भांडायला एकदम पक्की. विचारलं तर म्हणायची, "त्यांचाच नियम आहे. उत्तर आलं की काढीन." मी तोवर दुर्बिणीवर आले होते. रोज वरून मला ते लाल दिसायचं. एक आरसा घेऊन एकदा चमकवायला मला काय जड होतं? पण नाही चमकवला. मला राग यायचा. गल्लीतले लोक हसतात, म्हातारीला समजावत का नाही म्हणतात, आणि मी वर उभी राहून तिच्याकडे पाठ फिरवायचे. आई गेली. घर पाडलं. आज अकरा वर्षं तिथे गाड्या उभ्या करायचं मैदान आहे.

आता परवाची गोष्ट. दुपारपासून आभाळ गच्च भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नाही, गिऱ्हाईक तुरळक. चष्मेवाली एक बाई आली आणि मी चहा ओतेपर्यंत तिने स्वतःच दुर्बीण फिरवली. मी ओरडणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, गंमतच आहे हो. एवढ्या सगळ्या गाड्यांच्या मधोमध एकच बैठं घर. गच्चीवर लाल ब्लँकेट वाळत घातलंय."

तिला बाजूला केलं, जवळजवळ ढकललंच, आणि डोळा लावला.

आमचं घर होतं. गच्चीचा तो तुटका कोपरा, पाण्याची टाकी, सगळं. चारी बाजूंनी गाड्या लावलेल्या, आणि मधे आमची दोरी. दोरीवर लाल ब्लँकेट. वारा नव्हता, तरी ते हलत होतं. घड्याळात चारला पाच कमी होते.

लाल म्हणजे खाली या. मला एकच सुचलं, घरी यांना काहीतरी झालं. दीड वर्षापूर्वी यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, दिवसभर घरात एकटे असतात. मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. हा माणूस फोन नेहमी उशीखाली ठेवून हिंडतो, पण त्या क्षणी मला ते कुठून आठवणार? दुर्बिणीवर कापडसुद्धा न टाकता मी धावत सुटले आणि खाली जाणाऱ्या पाळण्यात शिरले.

आमच्या रोपवेला दोनच पाळणे. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो, आणि बरोबर मधल्या खांबापाशी दोघांची गाठ पडते. खालून वरपर्यंत नऊ मिनिटं. मी काचेला नाक लावून उभी होते. मधला खांब आला. वर जाणारा पाळणा समोरून सरकला आणि त्यात कोण? आमचे हे! घरातला मळका स्वेटर, पायात सपाता, हातात माझा जुना डबा. चेहरा कसा, तर एखाद्याला सुट्टी मिळाल्यासारखा.

मी काच बडवली. "अहो! अहो, कुठे निघालात?"

त्यांनी मला पाहिलं. हसले. मग वर बोट दाखवलं, आणि मूठ तीनदा उघडझाप केली.

तीनदा चमकलं, वर बोलावलंय. हेच सांगत होते ते मला.

आभाळात उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. कशाने चमकणार होता आरसा?

त्या साडेचार मिनिटांत मला सगळं लख्ख कळलं. आई अजून बाबांना खाली बोलावत होती. बाबा काही केल्या उतरत नव्हते, वर करमत नाही म्हणून जावयाला बोलावून घेत होते. आणि मी, शहाणी, नवऱ्याला वर पाठवून स्वतः खाली निघाले होते.

खालच्या स्टेशनात सगळे ज्याला भोंगा म्हणतात तो चालक बसतो. नावाप्रमाणेच आवाज. मी पाळण्यातून उतरलेच नाही. "परत वर घे! आत्ताच्या आत्ता! आणि वरच्या चालकाला फोन कर, यांना कठड्यापाशी जाऊ देऊ नको म्हणावं!"

"अहो मावशी, झालंय काय?"

"फोन कर आधी, मग तोंड चालव!"

त्याने फोन केला. वरचा चालक नवीन आहे, सहा महिनेच झालेत, त्याला आमच्या घरचं काही ठाऊक नाही. भोंग्याने ऐकलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला. वीस वर्षांत मी तो उतरलेला ऐकला नव्हता. "मावशी, तो म्हणतो, काळजी करू नका. काका एकटे नाहीत, त्यांचे सासरे आहेत बरोबर. दोघं दुर्बिणीकडे गेले."

पाळणा सुटला. नऊ मिनिटं. देवाशपथ सांगते, बाबांना मी आयुष्यात जे उलट बोलले नव्हते, ते सगळं त्या नऊ मिनिटांत बोलून घेतलं.

वर पोचले तर छपराखाली चिटपाखरू नाही. ती चष्मेवालीही गेलेली. दुर्बिणीच्या स्टुलावर डबा ठेवलेला, झाकण उघडं, पोळी अर्धी मोडलेली. शेजारी पत्ते वाटलेले होते. दोघांना.

आणि हे कठड्यापलीकडे होते. त्या दगडावर गुडघे टेकून, एक हात खाली दरीत घातलेला.

"अहो," मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडले असते तर दचकले असते.

"आलीस?" त्यांनी मान वळवली नाही. "अगं, आरसा सापडला बाबांचा. इथे खालच्या कपारीत आहे बघ. बाबा मला म्हणतात, तुझा हात लांब आहे, तूच काढ. अजून वीतभर."

मी कठडा ओलांडला. वय छप्पन्न, गुडघे दुखतात, साडी खिळ्याला अडकून फाटली. यांचा स्वेटर मागून दोन्ही मुठींत धरला आणि मटकन खाली बसले. माझ्या वजनाला हे जन्मभर हसत आले, त्या दिवशी तेच कामी आलं. पण ओढता येईना. हे एवढे किडकिडीत, तरी पुढून कोणीतरी तेवढ्याच जोराने धरून ठेवल्यासारखे जड.

मग माझा बांध फुटला.

"बाबा! सोडा त्यांना! तुम्हाला करमत नाही म्हणून माझा माणूस नेणार? लाज नाही वाटत? ती बाई तिकडे वीस वर्षं लाल टाकून उभी आहे. घर पाडलं, ती गेली, तरी कापड काढत नाहीये, तुमच्याच नियमापायी! तिला उत्तर द्यायचं सोडून इथे पत्ते खेळताय?" बोलता बोलता रडू फुटलं. "चूक माझीपण आहे. मला रोज दिसत होतं. मी एकदा आरसा चमकवला असता तर ती सुखाने गेली असती. मला लाज वाटली हो तिची. पण तिला माझं उत्तर नकोच होतं, तुमचं हवं होतं. द्या ना, बाबा. जा ना घरी."

खाली शहराची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग खालच्या कपारीतून चमकलं. ढगाळ आभाळाखाली, ऊन नसताना, इतकं लख्ख की माझे डोळे दिपले. एकदा. फक्त एकदा.

माझ्या मुठीतला स्वेटर एकदम हलका झाला. हे धप्पकन माझ्या अंगावर पडले. झोपेतून उठल्यासारखे इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी इथे काय करतोय? आणि तू का रडतेयस?" मी एक चापट मारली, मग गळ्यात पडले.

यांना कठड्याच्या आत आणलं, खांबाला टेकवून बसवलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. गाड्यांच्या मधोमध आमची गच्ची होती. आई दिसली नाही. तिचे दोन हात तेवढे दिसले, बांगड्यांवरून ओळखले. सावकाश एक टोक सोडलं, मग दुसरं. ब्लँकेटची चौपदरी घडी घातली, तिची पद्धत होती तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी डोळे पुसून पुन्हा बघेपर्यंत तिथे नुसत्या गाड्या होत्या.

आम्ही पाळण्यात बसलो. दाराजवळची जागा बाबांची, उतरताना ते तिथेच बसायचे, ती आम्ही दोघांनी न बोलता मोकळी सोडली. नवीन चालकाने दार ओढायला हात घातला आणि तसाच थांबला. आमच्या मागे बघून म्हणाला, "या काका, सावकाश. घाई नाही."

मग त्याने दार लावलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी मात्र नऊ मिनिटं मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि मधला खांब गेल्यावर धीर करून म्हटलं, "बाबा, सपाता दाराशीच काढा हं. आईने आजच घर पुसून घेतलं असणार."