दोन दारांची अभ्यासिका

रोहिणी वाव्हळे परराष्ट्र सेवेत लागून पंचवीस वर्षं झाली, तरी ती पासपोर्टच्या कचेरीत आहे असाच वालूरच्या निम्म्या लोकांचा समज होता. उरलेल्यांना ती विमानात काहीतरी करते असं वाटे. सुरुवातीला तिने समजावून सांगून पाहिलं. मॉस्कोत आधी भाषा शिकावी लागली, आखातात असताना आपल्या मजुरांसाठी छावण्या हिंडाव्या लागल्या, जिनिव्हात करारातल्या एका शब्दासाठी आठवडाभर परक्या माणसांसमोर चेहऱ्यावरची रेष न हलवता बसावं लागलं. ऐकणारा मान डोलवायचा आणि मग विचारायचा, भाच्याचा पासपोर्ट अडकलाय, जरा फोन लावता का?

यंदा एप्रिलात ती रजेवर गावी आली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान देशात तिची राजदूत म्हणून नेमणूक झाली होती. राजदूतपद पहिल्यांदाच मिळत होतं. तिचे वडील किशनराव निवृत्त शिक्षक. त्यांनी बातमी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "अमेरिका न्हाई देत का ते?"

बॅग आत ठेवून ती आईजवळ स्वयंपाकघरात गेली. कुसुमबाईंनी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि जेवण संपायच्या आत अभ्यासिकेचा विषय काढला.

अभ्यासिका किशनरावांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या, माणिकरावांच्या घरांमध्ये होती. जागा दोघांच्या सामाईक, बांधकाम वस्तीच्या वर्गणीतलं. टेबलं आली होती, पंखे लागले होते. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणाऱ्या पोरी मात्र शाळेच्या पत्र्याच्या व्हरांड्यात घाम पुसत बसत होत्या, कारण अभ्यासिका दीड वर्षापासून बंद होती. किशनरावांनी बांधतानाच दार आपल्या गल्लीकडून ठेवून घेतलं होतं. तहसीलमधून निवृत्त झालेल्या माणिकरावांना ते समजलं त्या दिवशी त्यांनी दारासमोर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला. दार माझ्या अंगणाकडून पाहिजे, म्हणाले. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गिरणीत दळण घेऊन आले तरी एक आत अन् दुसरा बाहेर उभा राहायचा.

"तू एवढी देशादेशांची भांडणं मिटवती," कुसुमबाई म्हणाल्या, "हे एक मिटव."

रोहिणीला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

ती आधी काकांकडे गेली. माणिकरावांनी जयभीम घातला, खुर्ची दिली, चहा मागवला, आफ्रिकेत उन्हाळा कसा असतो तेही विचारलं. अभ्यासिकेचं नाव निघताच त्यांनी बशी खाली ठेवली.

"तू माझ्याकडून बोलायलीस का तुझ्या बापाकडून?"

"कुणाकडूनच नाही, काका."

"मग कशाला आलीस?"

इतकी वर्षं ती कायम कुणाच्या तरी वतीने बोलत आली होती. मागे सरकार असायचं, हातात दिल्लीहून आलेल्या सूचना असायच्या. इथे ती नुसती किशनरावांची रोहिणी होती, आणि तेच तिच्या आड येत होतं.

तरी तिने चिकाटी सोडली नाही. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी. दोन्हीकडे चहा नाकारता येत नव्हता, त्यामुळे पोटात जळजळ सुरू झाली. चौथ्या दिवशी तिने तोडगा काढला: अभ्यासिकेला दोन दारं. किशनरावांचं आहे ते राहील, माणिकरावांच्या बाजूची भिंत फोडून दुसरं बसवायचं. दोघांनी कुरकुरत मान्य केलं. गवंडी आला, भिंत फुटली, चौकट बसली, पऱ्हाट्या हलल्या. रोहिणीने रात्री नवऱ्याला दिल्लीला फोन करून सांगितलं की झालं एकदाचं.

सकाळी किशनरावांनी विचारलं, "पाटी कुठल्या दारावर?"

तिने दोन पाट्या सांगितल्या. माणिकराव म्हणाले, मग दोन्हींची अक्षरं सारख्या मापाची पाहिजेत. सेलूच्या पेंटरकडून सारख्या मापाच्या करून घेतल्या. मग किशनरावांना कळलं की माणिकरावांची पाटी चौकटीमुळे चार बोटं उंच बसते. रोहिणीने स्वतः स्टुलावर चढून माप घेतलं आणि ती खाली उतरवून घेतली. उद्घाटनाची तारीख ठरली. आत कोण आधी जाणार? दोघांनी आपापल्या दारातून एकदमच जायचं. प्रतिमेला पुष्पहार कोण घालणार? दोघं मिळून. भाषण आधी कुणाचं? वयाप्रमाणे किशनरावांचं. यावर माणिकराव म्हणाले, वयच बघायचं असेल तर दार बी वयानंच काढायचं होतं, मला खामखा कशाला बोलावलं?

तिला हसू आलं नाही. अशा बोलण्यांमध्ये ती पूर्वीही बसली होती, पण तिथली माणसं रात्री आपापल्या हॉटेलात जात. इथे वडील रात्री जेवताना तोच विषय काढत आणि काका पहाटे नळावर. तिची अर्धी रजा संपली होती. आईच्या डोळ्याच्या तपासणीला परभणीला जायचं राहिलं होतं. येलदरीला मैत्रिणीकडे जायचं म्हणत होती, तेही बोंबललं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वस्तीतली माणसं अभ्यासिकेसमोर सतरंजीवर बसली. भाऊ दोन टोकांना. शाळेच्या व्हरांड्यातल्या पोरीही मागे येऊन उभ्या होत्या. सगळं ठरलं होतं, फक्त निमंत्रण वाचून दाखवायचं होतं. रोहिणीने वाचलं. माणिकराव म्हणाले, "पाहुणे कोणत्या दारानं येतील ते लिवलं न्हाई."

किशनराव तिच्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, मुख्य दार जुनंच ऱ्हाईल."

रोहिणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पंचवीस वर्षांत तिचा आवाज कधी बैठकीत चढला नव्हता. आताही चढला नाही, पण शब्द कुठून आले ते तिलाच कळलं नाही.

"तुमी दोघं मेल्यावर तिरडी कोणाची म्होरं न्यायची, ते बी आजच ठरवून घ्या. म्हंजी तवा मला रजा काढून यायला नको. ह्या पोरी उन्हात बसायल्यात आन् तुमी दारं मोजायलात. लाज वाटू द्या."

माणिकरावांचा चेहरा लाल झाला. ते तिच्याकडे न बघता थेट समोरच्या टोकाला बोलले.

"दादा, पोरीला हेच शिकवलं का?"

किशनरावांनी भावाकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदाच.

"मी न्हाई शिकवलं, माणिक. हे दिल्लीचं शिकणं हाय."

"थोरल्या माणसांला मरणाचं बोलती."

"लय उद्धट झाली."

मग दोघं बोलतच राहिले. ती लहानपणी कशी होती, कुणी तिला डोक्यावर चढवली, शहरात राहून माणसं कशी बिघडतात. बोलता बोलता माणिकराव उठून किशनरावांच्या टोकाला जाऊन बसले. अंधार पडायच्या आत दोघांचं एकमत झालं की उद्याच्या कार्यक्रमाला हिला व्यासपीठावर बसवायचं नाही. दारांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिणी घरातच बसली. लाऊडस्पीकरवरून तिला सगळं ऐकू येत होतं. किशनरावांनी भाषणात पदामुळे माणसाने नम्रता सोडू नये असं सांगितलं. त्यांच्यामागून माणिकरावांनीही तेच सांगितलं, जरा जास्त वेळ. पोरी कधीच आत जाऊन बसल्या होत्या, ज्यांना जे दार जवळ पडलं त्यातून.

"जेवून घे," कुसुमबाई म्हणाल्या. त्या कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या.

"आई, मी काय चुकीचं बोलले?"

"बोललीस ते बरोबरच. पण ते दोघं आता महिनाभर तुझंच नाव घेऊन एकत्र बसतील. बसू दे."

निघायच्या दिवशी वडील घरात नव्हते. ती काकांकडे निरोप घ्यायला गेली तर तिथे एकाच बाजेवर दोघं भाऊ चहा पीत बसलेले. माणिकराव म्हणाले, माफी मागितल्याशिवाय जाऊ नको. किशनरावांचीही तीच मागणी आहे हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

गाडीवाला बाहेर हॉर्न देत होता. मग तिने सांगितलं की माझे शब्द कठोर होते, तुम्हा दोघांना दुखवण्याचा माझा हेतू नव्हता, तुम्ही दोघंही मला सारखेच आहात. असं वाक्य ती झोपेतही रचू शकली असती. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. किशनराव म्हणाले, "सांभाळून जा. पोचल्यावर फोन कर."

सेलूच्या रस्त्याला लागल्यावर आईचा फोन आला. चार्जर खिडकीत राहिला होता, गाडी परत फिरव, म्हणत होत्या. रोहिणीने ड्रायव्हरला सरळ चालायला सांगितलं आणि आईला म्हणाली की नवा घेईन, आता त्या गल्लीत मी वर्षभर यायची नाही.

"दिवाळीला येशील," कुसुमबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.